दूध आणि भाकरी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि सातवीनंतर हातात लेखणी आली ती वाण्याची यादी करण्यापुरतीच. तेव्हा काही चुकले तर पदरात घ्यावे. आपल्या चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही पापडाला असता, संक्रांतीला असता, कुणाकडे बाळंतपण निघाले तर पहिल्या धावून जाता; पण रविवारी सकाळी तुम्ही चार घरची माणसे दार लावून काय करता ते आम्हांला कधी कळले नाही. तुमच्यात माणूस श्रद्धेत वाढतो म्हणजे नेमके काय होते, ते यंदा सांगा." पहिली गोष्ट ही की आम्ही दार लावीत नाही. शेजारच्या कोंबड्या आत येतात म्हणून नुसते लोटून घेतो.

मी येथे कुणाला धर्म सांगण्यास उभी नाही. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी. परंतु माझ्या हातून एक मोठी चूक घडली, आणि ती सुधारताना मला जे समजले ते आपणा सर्वांच्या घरात उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून बोलते.

आपल्यात माळकरी पुष्कळ आहेत. गळ्यात माळ घातली की त्या दिवशी वारकरी झाला, असे कोणी जाणता माणूस म्हणत नाही. पुढे एकादशी आली, वारी आली, जिभेवर ताबा आला, आणि शेजाऱ्याच्या बांधावरची नजर काढणे आले. आमच्यातही तसेच आहे. बाप्तिस्मा म्हणजे आरंभ. त्यानंतर माणसाने वाढावयाचे असते. पौलाने करिंथ गावच्या मंडळीस जे पहिले पत्र लिहिले त्यात तो त्यांना स्पष्ट सांगतो की तुम्ही अजून तान्ही बाळे आहात, म्हणून मी तुम्हांला दुधावर ठेवले, जड अन्न दिले नाही. आणि तान्हेपणाची खूण कोणती, तर तुमच्यात हेवा आणि भांडणे आहेत. त्या लोकांना पुष्कळ ज्ञान होते, मोठमोठ्या गोष्टी ते बोलत. पण हेवा होता म्हणून तान्हे. हे वाचले की मला आपल्या नळावरची आठवण होते. राग मानू नका, त्या रांगेत मीही असते.

आता आपण सगळ्या लेकुरवाळ्या. सहाव्या महिन्यात आपण उष्टावण करतो, तेव्हा खिरीचे बोट चाटवतो. पहिल्याच दिवशी कोणी त्या पोरापुढे नाचणीची भाकरी आणि ठेचा ठेवीत नाही. मी मात्र नेमके तेच केले.

सहा-सात वर्षांमागची गोष्ट. वेल्ह्याकडची, आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिकडची, एक तरुण बाई आमच्याकडे येऊ लागली. तिचे मूल फार आजारी होते. दवाखान्यात आमची ओळख झाली, मी तिच्याबरोबर दोन रात्री बसले, प्रार्थना केली. मूल बरे झाले. औषधाने झाले आणि देवाने केले, दोन्ही मी मानते. पुढे ती बाजाराला भोरला आली की आमच्या घरी टेके. पाच-दहा मिनिटे बसे, येशूची एखादी गोष्ट ऐके आणि जाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण गोष्ट ऐकताना तिचे डोळे असे होत, की सांगणाऱ्याला वाटावे, आपण आजच ही पहिल्यांदा ऐकतो आहोत.

मी नगरकडची. आमच्या घरी आजोबांपासून हा धर्म. मला वाटले, आपल्या हातून एक मोठे काम होत आहे. मग माझा उत्साह असा वाढला की विचारू नका. तिला मी जाड पुस्तक दिले, जिला एक अक्षर येत नव्हते तिला! जत्रेचा प्रसाद घ्यावयाचा नाही, मेंगाईला नारळ द्यावयाचा नाही, देव्हाऱ्यापुढे दिवा लावावयाचा नाही, असे एकामागून एक सांगितले. सासूने लावावयास सांगितला तर काय करू, असे तिने विचारले, तेव्हा मी म्हटले, "मग तुझी श्रद्धा कच्ची आहे." एका रविवारी तर चारचौघांत तिला उभे करून, तुझा अनुभव सांग म्हटले. ती उभी राहिली, पदर तोंडात धरला, आणि बसली. त्यानंतर ती आली नाही.

एक महिना गेला, सहा गेले. मी घरात म्हणत असे, "बी खडकावर पडले." येशूने सांगितलेल्या दाखल्यात तसे आहे, ऊन लागताच करपणारे रोप. तो दाखला मी तिला लावला. मातीला दोष देणे सोपे असते. पेरणाऱ्या हाताकडे कोण पाहतो?

त्या पावसाळ्यात माझ्या मुलीने वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणली. लहानपणी आमच्या घरी ते पुस्तक होते, पण मी कधी पुरते वाचले नव्हते. ते 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंना शाळा नव्हती. लिहिणेवाचणे त्या लग्नानंतर घरातच शिकल्या. तेव्हा सातवी शिकलेल्या मला तक्रारीला जागा नाही.

त्यांच्या माहेरी वडिलांना सोवळ्याचे वेड होते. अकराव्या वर्षी लग्न झाले. पती नारायण वामन टिळक मोठे कवी, पण आज येथे तर उद्या तेथे. त्यांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहान मुलगा. त्याला घेऊन त्या सुमारे पाच वर्षे नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांत राहिल्या. पुढे नगरास आल्या तरी त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. भगिनींनो, टिळकांचे हे मला फार मोठे वाटते, की तापट स्वभावाचा तो माणूस, पण बायकोच्या चुलीला त्याने हात लावला नाही. माझा धर्म तो तुझा धर्म, असे म्हणून तिला ओढली नाही. जातपात देवाने केली की माणसाने, हा विचार लक्ष्मीबाईंनी आपल्या आपण केला, आणि सोवळे मनातून गळाले तेव्हाच हातातून सुटले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो आपल्या पायांनी चालत जाऊन. पुढे हीच बाई अशी वाढली की नवऱ्याच्या मागे अर्धे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य तिने पुरे करीत आणले.

हे वाचीत असताना रात्री अकरा वाजले होते. मालकांनी दिवा बंद करावयास सांगितले. मी दिवा बंद केला आणि अंधारात बसून राहिले. टिळकांनी पाच वर्षे वाट पाहिली. मी त्या पोरीला पाच महिनेसुद्धा दिले नव्हते.

आणखी एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच आहे. दौंडच्या वाटेवर केडगाव आहे, तेथील मुक्ती मिशन आपणांपैकी कोणी पाहिले असेल. पंडिता रमाबाईंनी ते उभे केले. दुष्काळात टाकलेल्या, विधवा, आंधळ्या अशा शेकडो मुलींना त्यांनी तेथे आसरा दिला, शेती, विणकाम, छापखाना सगळे शिकविले. एवढी विदुषी बाई, संस्कृत तोंडपाठ. 1883 साली इंग्लंडात वाँटेज गावी त्यांनी आपल्या चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेथल्या मठातल्या बायका प्रेमळ होत्या; पण रमाबाईंनी सगळेच आपल्यासारखे मानावे, असे त्यांना वाटे. रमाबाई मानीनात. त्यांनी मांस खाल्ले नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, म्हणून वाद घातला. जे बुद्धीला पटेना ते पटत नाही, असे पत्रात लिहून कळविले. तेथल्या बायकांना वाटले, ही गर्विष्ठ आहे. मीही तेव्हा तेथे असते तर मला तसेच वाटले असते, हे कबूल करते.

आणि पुढे रमाबाईंनीच 1907 साली आपली साक्ष लिहिली, तीत म्हटले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षे! तोवर त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले होते, पुण्यास आणले होते, देशोदेशी त्यांचे नाव झाले होते. एवढ्या बाईला आठ वर्षे लागली, आणि ते सांगावयास तिला लाज वाटली नाही. पुढे त्यांनी शास्त्र मूळ इब्री आणि ग्रीक भाषांतून मराठीत आणण्याचे काम हाती घेतले, ते साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. 1922 साली देवाघरी जाईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. भाषा सोपी करण्यात एका पंडितेने आपले आयुष्य घातले, आणि मी निरक्षर बाईच्या हातात जाड पुस्तक देऊन मोकळी झाले.

मग मी वेल्ह्याला गेले. आषाढ होता. नसरापूरला गाडी बदलली. मार्गासनी, विंझर करीत पोचले, आणि पुढे पाऊण तास चिखलातून चालले. ती शेतात आवणीला होती. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, गुडघ्यापर्यंत चिखल. मला पाहून उभी राहिली, हसली नाही. मी बांधावरून म्हटले, "बाई, मी चुकले." ती म्हणाली, "काकू, तुमी मला लई शिकवलं. पण माझ्या घरी एकदा तरी आलात का?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी लुगडे खोचले आणि चिखलात उतरले. नगरकडच्या बाईला भाताची आवणी काय माहीत! माझी रोपे सारखी आडवी पडत होती. तिची सासू बांधावरून ओरडली, "त्या बाईला बाहेर काढा, एक वाफा वाया घालवील." तेव्हा सगळ्या हसल्या, आणि ती पण हसली.

संध्याकाळी चुलीपुढे बसलो असता मी नुकत्या लावलेल्या वाफ्याविषयी विचारले, की रोपे अशी मलूल का दिसतात. सासूबाईच म्हणाल्या, "उपटून लावलंय न्हवं! आठ दिस मान टाकणारच. पिवळी पडत्यात. मुळं धरली की आपोआप उठत्यात. तवा कुणी ओढून सरळ करीत नाही." तुम्हा मावळातल्या बायकांना ही रोजची गोष्ट. मला ती नवी होती. येशूनेही असाच एक दाखला सांगितला आहे: माणूस बी टाकतो, रात्री निजतो, दिवसा उठतो; बी आपले आपण वाढते, कसे ते त्याला कळत नाही; आधी पाते, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. मार्काच्या पुस्तकात तो आहे. तो मी त्या रात्री त्या घरी सांगितला. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो बरा मानूस दिसतो. शेतीतलं कळतंय त्याला."

त्यानंतर मी महिन्यातून एकदा तिकडे जाऊ लागले. नियम एकच केला, की तिने विचारल्याशिवाय एकही 'करू नको' सांगावयाचे नाही. कुंकवाविषयी, मंगळसूत्राविषयी, दिव्याविषयी मी तोंड मिटले. आमच्या मंडळीतल्या एकदोघांना हे पटले नाही, अजूनही पटत नाही. ते म्हणतात, तुम्ही सत्य लपवता. मी म्हणते, लपवीत नाही, बाळाला दात येईपर्यंत थांबते. त्यांच्या म्हणण्यातही काही आहे, असे कधी कधी रात्री मनात येते. पण तिचे घर मोडून तिची श्रद्धा वाढेल, हे मला पटत नाही.

पुस्तकाऐवजी गोष्टी. एका खेपेस एकच. ती मी सांगावयाची, मग तिने मला परत सांगावयाची, आणि मग दोघींनी बोलावयाचे, की यातले आपल्या घरात काय आहे. उधळ्या मुलाच्या गोष्टीवर ती चार खेपा अडली. ती म्हणे, "थोरल्या भावाचं काय चुकलं? तोच राबत होता." खरे सांगते, इतकी वर्षे ती गोष्ट ऐकूनही थोरल्याच्या बाजूने मी कधी विचार केला नव्हता. तेविसावे स्तोत्र तिने जात्यावरच्या ओवीच्या चालीत पाठ केले. जाते आता घरात नुसते पडून आहे, पण चाल तिला आजीची येते. टिळकांनी हेच ओळखले होते. त्यांनी आमच्या लोकांना भजन दिले, अभंग दिला, कीर्तन दिले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. परक्या चालीत माणूस गातो, पण रडत नाही. आता तिच्या मुलाच्या मोबाइलमध्ये शास्त्र वाचून दाखविणारी सोय आहे, भात सडताना ती ते लावते. मात्र सांगते, "मोबाइल नुसता बोलतोय, माझं ऐकत न्हाई."

ऐकणे. हे मी पुष्कळ उशिरा शिकले. प्रेषितांच्या कृत्यांत प्रिस्किल्ला नावाची एक बाई आहे. ती आणि तिचा नवरा अक्विला तंबू शिवण्याचा धंदा करीत. इफिस गावी अपुल्लोस नावाचा मोठा वक्ता आला, त्याचे ज्ञान थोडे अपुरे होते. ह्या नवराबायकोने त्याला सभेत अडविले नाही. आपल्याकडे नेले आणि नीट समजावून सांगितले. एवढे दोन ओळींचे आहे, पण मला वाटते त्या बाईने आधी त्याला जेवू घातले असेल. मी माझ्या पाहुणीला सभेत उभी केली होती.

आता ती वाढली का, असे तुम्ही विचाराल. अजून तिने बाप्तिस्मा घेतलेला नाही. मीही विचारीत नाही. पण दोन वर्षांमागे तिच्या सासूबाई पडल्या, खुब्याचे हाड मोडले. अंथरुणाला खिळल्या. आठ महिने हिने त्यांचे सगळे केले, आणि तोंडातून वाकडा शब्द काढला नाही. बांधावरून धाकट्या दिराशी तिच्या नवऱ्याचा दावा होता. हिने नवऱ्याला समजावून दोन हात जमीन सोडावयास लावली. हे मला तिने सांगितले नाही. सासूबाईंनी सांगितले, अंथरुणावरून, हळू आवाजात, ती पाणी आणावयास गेली असताना. "काय गं बाई, तुमचा तो येशू तिच्याशी काय बोलतो?" असेही विचारले.

आणि आता माझे सांगते. गेल्या दिवाळीनंतर मी तिकडे गेले होते. ती अंगणात तांदूळ निवडीत होती. क्षमेची गोष्ट चालली होती, सात वेळा नव्हे, सत्तर गुणिले सात वेळा, ती. मी रंगात येऊन सांगत होते. ती मध्येच म्हणाली, "काकू, तुमी तुमच्या जाऊबाईंशी बोलता का?"

आमच्या जावेशी माझा चार वर्षे अबोला होता. कारण सांगत नाही. कारण भांडे-वाटणीचे होते, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. हिला ते कसे कळले, देव जाणे. बाजारात कळले असेल. मला राग आला. मी म्हटले, "ती गोष्ट वेगळी आहे." ती काही बोलली नाही, सुपातले खडे काढीत राहिली. मला वाटले, आता ही म्हणेल, मग तुमची श्रद्धा कच्ची आहे. पण ती तसे म्हणाली नाही. उठून चहा ठेवला.

परतताना गाडीत मी सबंध वाट खिडकीबाहेर पाहत होते. आजोबांपासून ख्रिस्ती, रविवारी गीते मीच सुरू करते, आणि करिंथच्या त्या बाळांत मी अजून दूधच पीत बसले होते.

यंदाच्या संक्रांतीला मी वाटीभर तिळगूळ घेऊन जावेच्या दारी गेले. पायरीवर दोनदा थांबले, एकदा परत फिरले. मग कडी वाजविली. दार तिनेच उघडले. थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "आत ये, पाय भाजतील." तिळगूळ घेतला, चहा केला. भांड्यांचा विषय कोणीच काढला नाही. तो अजून तसाच आहे. पण परवा तिची सून बाळंतीण झाली तेव्हा पहिला निरोप मला आला, आणि पहिले आठ दिवस मीच तिकडे होते. म्हणूनच मंडळाच्या मागच्या सभेला मला येता आले नाही, त्याबद्दल अध्यक्षीणबाईंची माफी मागते.